ब्लोअरचा फ्यूज परत उडाला? मोठा फ्यूज घालायच्या आधी हे बघा

पाऊस लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गॅरेजकडं हीच तक्रार घेऊन गाड्या यायला लागतात, आणि माणूस गाडीतनं उतरला की आधी खिशात हात घालून तीन-चार उडालेले फ्यूज काढतो आणि माझ्या हातावर ठेवतो, म्हणतो, हे बघा, महिन्यात एवढे गेले. मी म्हणतो बरं झालं टाकून दिले नाहीत, निम्मं काम त्यातच आहे.

आधी एक गैरसमज काढतो. हिटर लावला की फ्यूज जातो असं लई जण सांगतात. आपल्या पेट्रोल-डिझेल गाडीतला हिटर काय करंटवर तापत नाही, इंजिनातलं गरम पाणी आत डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमधनं फिरतं त्याची ती गरमी. करंट खातो तो ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारी मोटर, आणि हिटर, एसी, काचेवरची हवा या सगळ्याला तीच एक मोटर. आता कोल्हापुरात हिटर लावायचे दिवस किती, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. पण जुलैमध्ये गगनबावड्याला किंवा आंबा घाटात धुकं आणि पाऊस एकदम आला आणि ब्लोअर बंद पडला की आतनं काच अशी धरते की समोरचा ट्रक दिसत नाही, फडक्यानं पुसत गाडी चालवायची वेळ येते. म्हणून हा फ्यूज हलक्यात घेऊ नका.

लक्षणं, म्हणजे नक्की कधी उडतो

मी गाडी उघडायच्या आधी हेच विचारतो. "असाच उडतो कधीपण" हे उत्तर चालत नाही, चार दिवस लक्ष ठेवा, पाहिजे तर मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

नवा फ्यूज घातला, चावी ऑन केली आणि ब्लोअरचं बटण बंद असतानाच टक् करून गेला, तर मोटरपर्यंत जाणारी वायर कुठंतरी बॉडीला टेकलीय. ब्लोअर चौथ्या नंबरवर, म्हणजे फुल्लवर, टाकल्या टाकल्या जातो पण एक-दोनवर टिकतो (तिथं फॅन फिरतच नाही, नुसता गूं आवाज करतो), तर मोटर अडकलीय. फुल्लवर दहा-पंधरा मिनिटं चालून मग जातो, म्हणजे मोटर जड झालीय नाहीतर फ्यूजचं घर, म्हणजे तो बसतो ती खोबण, तापतंय. खड्ड्यात गाडी आदळली की जातो, ही घासलेली वायर. पावसात किंवा गाडी धुतल्यावर जातो, हे पाणी. आणि सहा-सहा महिन्यांनी एखादा जातो, तिथं बऱ्याचदा फ्यूजच भिकार असतो.

आणि एक, जे या पोस्टचं दुखणं नाही: फ्यूज शाबूत आहे पण ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवरच चालतो, तर तो रेझिस्टन्स गेला. एक ते तीन नंबरला करंट त्या रेझिस्टन्समधनं जातो, चारला थेट. तो जळला म्हणून फ्यूज उडत नाही, तो मधली वाटच बंद करतो. मोटरच्या तक्रारीवर रेझिस्टन्स बदलून घेऊन आलेले लोक बघितलेत मी, पैसे गेले आणि फ्यूज परत उडाला.

पहिलं: उडालेला फ्यूज हातात घ्या

फुकटचं काम, आणि सगळ्यात जास्त हेच सांगतं. उजेडात धरून बघा. आतली पट्टी मधनं नुसती वितळून तुटलीय, प्लॅस्टिक स्वच्छ आहे, तर करंट थोडा जास्त होता आणि बराच वेळ होता, म्हणजे मोटरकडं संशय. आत काळं झालंय, पट्टीचे शिंतोडे उडालेत, तर तो सरळ शॉर्ट, म्हणजे वायरिंगकडं संशय. आणि तिसरा प्रकार, पट्टी ठीकठाक पण प्लॅस्टिक एका पायाजवळ पिवळं-तपकिरी होऊन वाकलंय, तर फ्यूजचा दोषच नाही, तो ज्या खोबणीत बसतो ती ढिली झालीय.

फ्यूज हे काय बटण नव्हे की २० अँपिअरचा २१ ला लगेच तुटला. ३५ टक्के जास्त, म्हणजे २७ अँपिअर गेला तर तो काही सेकंदांत पण जाईल नाहीतर पाच-दहा मिनिटं पण काढेल. दुप्पट झाला तर पाच सेकंदांच्या आत जातो. म्हणून "दहा मिनिटांनी उडतो" आणि "लावताच उडतो" ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषध एक नाही.

दुसरं: नंबर बरोबर आहे का

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं किती अँपिअरचा पाहिजे. रंगावरनं पण कळतं: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा २५, हिरवा ३०. काही गाड्यांत ब्लोअरला दोन फ्यूज असतात, एक आत डॅशबोर्डखाली आणि एक बॉनेटमध्ये, दोन्ही बघा. आधीच्या मालकानं किंवा आधीच्या मिस्त्रीनं काय घातलंय सांगता येत नाही, कमी नंबरचा घातला असेल तर तो उडणारच आणि तुमचं काम पाच मिनिटांत संपलं. तसं झालं तर मला पण आनंद.

मोठा घातलेला असेल तर मात्र भीती आहे. मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी, काका म्हणतो मी त्यांना, त्यांची व्हॅन आली होती. तक्रार काय, तर ब्लोअर लावला की काकवी कढईला लागल्यासारखा वास येतो. ते म्हणाले, गाडीत गूळ असतोय त्याचा असेल. २० चा फ्यूज सारखा उडतोय म्हणून वाटेत कुणीतरी त्यांना ३० चा हिरवा घालून दिला होता, आणि फ्यूज उडायचा थांबला म्हणून काका खूश. मी ग्लोव्ह बॉक्स काढला तर मोटरची वायर बोटभर लांबी उघडी, वरचं प्लॅस्टिक वितळून शेजारच्या स्टिरिओच्या वायरला चिकटलेलं, हातानं सोडवायला गेलो तर च्युइंगमसारखं ताणलं. फ्यूजचं काम वायरला वाचवायचं, मोटरला नव्हे. वायरची जाडी २० च्या हिशोबानं टाकलेली असते, ३० चा घातला की तुटायची पाळी वायरवर येते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, तार, नाणं असले उद्योग तर करूच नका, गाडीला आग लागल्यावर विम्यावाला विचारणार हे कुणी घातलं.

आणि फ्यूज चांगल्या कंपनीचा घ्या. मूठभर फ्यूजची स्वस्तातली डबी मिळते त्यातले काही वेळेआधी उडतात आणि काही लिहिलेल्या आकड्याला उडतच नाहीत. दुसरे जास्त वाईट.

तिसरं: फ्यूजचं घर

गाडी बंद, चावी बाहेर. जुना फ्यूज काढताना हाताला जोर लागला पाहिजे, लोण्यातनं सुरी काढल्यासारखा निघाला तर खोबणीतली पकड गेलीय. ढिला सांधा तापतो, ती गरमी फ्यूजच्या पट्टीत जाते, आणि मग करंट बरोबर असूनसुद्धा पट्टी लवकर वितळते. घर तपकिरी झालं असेल तर तिथं नवा फ्यूज घालत बसण्यात अर्थ नाही, ते थिंबल, म्हणजे खोबणीतली धातूची पकड, बदलावं लागतं. मल्टिमीटरच्या जाड सुया त्या खोबणीत खुपसू नका, त्यानंच ती पसरते, निम्मी घरं आमच्याच लायनीतल्या लोकांनी अशी बिघडवलीत.

याच टप्प्यावर बघा की या फ्यूजवर नंतर काय काय जोडलंय. डॅशकॅम, जास्तीचा चार्जर, पायाजवळच्या निळ्या लाईटी, सगळं जवळचा फ्यूज बघून तिथंच टोचलेलं असतं. ते सुटं करा आणि दोन दिवस गाडी चालवा. एक रुपया खर्च नाही.

चौथं: जाळी, पाणी आणि फिल्टर

वायपरच्या खाली काळी जाळी असते, हवा तिथनं आत जाते. गाडी झाडाखाली उभी असेल तर तिथं पानांचा खच साठतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी सरळ ब्लोअरवर. हातानं पानं काढा, बाटलीभर पाणी ओतून बघा खाली रस्त्यावर पडतंय का. डाव्या सीटसमोरचं कार्पेट हातानं दाबून बघा, ओलं लागलं तर एक तर ही जाळी नाहीतर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. ओल्या मोटरचे कपलर, म्हणजे वायरी जोडायचे सांधे, हिरवे पडतात, हा हिरवा रंग दिसला की समजायचं दुखणं जुनं आहे.

ऊसपट्ट्यातल्या गाड्यांचं तर वेगळंच, हंगामात पाचट जाळतात त्याची काळी राख हवेतनं येऊन याच जाळीत बसते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो.

फिल्टरबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. फिल्टर चोक झाला म्हणून मोटरवर लोड आला आणि फ्यूज उडाला असं सगळीकडं सांगतात. या गोल पिंजऱ्यासारख्या फॅनचं उलटं असतं, हवा अडली की त्याला ढकलायला हवाच कमी मिळते, तो करंट कमी खातो. विश्वास बसत नसेल तर फॅन सुटा काढून टेबलावर चालवून बघा, डब्यात बसवल्यावर खातो त्यापेक्षा जास्त खाईल. चोक फिल्टरनं होतं ते वेगळं: मोटरला आणि रेझिस्टन्सला गार करणारी हवा कमी होते आणि ती हळूहळू भाजतात. म्हणून फिल्टर बदला, जरूर बदला, पण तेवढ्यानं फ्यूज थांबेल या भरवशावर घाटात जाऊ नका.

पाचवं: मोटर हातानं फिरवा

इथनं पुढं स्क्रू ड्रायव्हर लागतो. आधी बॅटरीची मायनस बाजू काढा, १० चा पाना लागतो. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स काढला की मागं खाली ब्लोअर दिसतो, सहसा तीन स्क्रू आणि एक कपलर. पाय सीटवर आणि डोकं खाली पायपुसणीवर अशा अवस्थेत काम करावं लागतं, चाळिशीनंतर मान धरते हे आधीच सांगतो.

फॅन बोटानं फिरवा. चुंबकामुळं थोडं अडकत-अडकत फिरल्यासारखं लागेल, ते नॉर्मल आहे. पण जड लागला, खर्रर आवाज आला, दांडी बाजूला हलली, तर बुश, म्हणजे दांडी ज्यात फिरते ते कडं, गेलं. त्या काकांच्या व्हॅनमध्ये मी फॅन फिरवला तर फिरेचना. बाहेर काढला तर पिंजऱ्यात उंदरानं संसार मांडलेला, बारदानाचे धागे, पाचट, लग्नपत्रिकेचा सोनेरी कपटा आणि मधोमध सुपारीएवढा गुळाचा खडा, तो पण वितळून पात्यांना चिकटलेला. म्हणजे वास खरंच गुळाचा पण होता, काका अगदीच चुकीचे नव्हते. अडकलेली मोटर फिरत नसली की करंटला अडवणारं काही उरत नाही, ती नुसती जाड तारेसारखी करंट ओढते. एक ते तीन नंबरला रेझिस्टन्स मध्ये असतो म्हणून फ्यूज टिकतो, चारला थेट, म्हणून तिथं जातो.

जड बुशला तेलाचे दोन थेंब टाकले की महिनाभर गप्प बसतं, मग परत. तेल मोटरच्या आत करंट पोचवणाऱ्या कार्बनवर गेलं तर उलट आतनं शॉर्ट. रस्त्यात अडचण म्हणून ठीक, इलाज म्हणून नाही, मोटर बदला. नवी बसवल्यावर हवा कमी आली तर प्लस-मायनस उलटं लागून फॅन उलटा फिरतोय का ते बघा.

करंट मोजायचा असेल तर डीसी, म्हणजे बॅटरीचा करंट, दाखवणारा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा धरायचा) लागतो, स्वस्तातले बरेचसे फक्त घरातल्या विजेचा करंट दाखवतात, गाडीच्या वायरला लावून शून्य आलं म्हणून मोटर चांगली असं समजू नका. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या रेंजवर फुल्ल ब्लोअर मोजायला गेलात तर मीटरचाच फ्यूज उडेल, मग दोन फ्यूज शोधत बसा. काकांच्या व्हॅनला नवी मोटर टाकल्यावर फुल्लवर १६ आला, २० च्या फ्यूजला निवांत. चालू होताना क्षणभर आकडा वर जातो, तो धरायचा नाही, मिनिटभरानं स्थिर होतो तो धरायचा, आणि वीस मिनिटं चालू ठेवून परत बघायचा.

सहावं: बल्बची युक्ती

शॉर्ट शोधताना दर वेळी नवा फ्यूज जाळणं म्हणजे पैशाचा धूर. एक उडालेला फ्यूज घ्या, त्याच्या दोन पायांना दोन वायरी सोल्डर करा, दुसऱ्या टोकाला ब्रेकचा २१ वॉटचा बल्ब. हे फ्यूजच्या जागी लावा आणि बॅटरी परत जोडा. आता शॉर्ट असला तरी बल्बमधनं दोन अँपिअरच्या आतच करंट जातो, काही जळत नाही, नुसता बल्ब पेटतो. बल्ब तापतो, सीटवर ठेवू नका, मी एकदा ठेवला होता आणि गिऱ्हाइकाला सीट कव्हर घेऊन द्यावं लागलं.

चावी ऑन, ब्लोअर चारवर. बल्ब पेटणारच, चांगल्या मोटरवर पण पेटतो, घाबरू नका. आता मोटरचं कपलर काढा. बल्ब विझला तर मोटरपर्यंतची वायर चांगली, दुखणं मोटरमध्ये. पेटलेलाच राहिला तर वायरिंगमध्ये, मग रिले, बटण, रेझिस्टन्सचं कपलर एक-एक काढत जा, जे काढल्यावर विझेल तिथनं पुढं चोर. त्याच फ्यूजवर दुसरं काही चालत असेल तर ते पण बल्ब पेटवेल, ते आधी बंद करा. खड्ड्यात उडणाऱ्या फ्यूजसाठी मोटरचं कपलर काढून ठेवा आणि वायरचा जुडगा हातानं हलवत जा, बल्ब चमकला की हात तिथंच थांबवा.

घासायच्या जागा ठरलेल्या आहेत: इंजिनकडनं आत येताना पत्र्यातलं रबर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागची पत्र्याची कड, आणि नवीन स्टिरिओ बसवताना मारलेला लांब स्क्रू. हा तिसरा मला वर्षाला एक-दोनदा तरी भेटतोच.

बऱ्याच गाड्यांत बटण आणि रेझिस्टन्स मोटरच्या नंतर, अर्थच्या म्हणजे मायनसच्या बाजूला असतात. अशा गाडीत मोटर ते रेझिस्टन्स ही वायर बॉडीला टेकली तर फ्यूज उडत नाही, उलट चावी ऑन केली की ब्लोअर फुल्ल चालतो आणि बटणानं बंदच होत नाही. म्हणजे फ्यूज उडत असेल तर त्या गाडीत शोधायची जागा निम्मी झाली, फक्त फ्यूज ते मोटर आणि खुद्द मोटर.

इथं थांबा

वायर वितळलेली दिसली किंवा धूर आला, तर बॅटरी काढा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनकडं टो करून न्या. नुसती टेप गुंडाळून चालवू नका, आतल्या जुडग्यात किती वायरी चिकटल्यात ते बाहेरनं दिसत नाही.

पिवळं कपलर किंवा पिवळी स्लीव्ह दिसली तर ती एअरबॅगची. डाव्या बाजूची एअरबॅग ग्लोव्ह बॉक्सच्या बरोबर वर असते. तिथं टेस्ट लॅम्प, मीटर काहीच लावायचं नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत केशरी वायर दिसली तर हातच लावायचा नाही, आणि इलेक्ट्रिक गाडीत हिटर खरंच करंटवर चालतो, त्यामुळं वर लिहिलेलं तिथं लागू नाही.

ऑटोमॅटिक एसी असेल, म्हणजे नंबरच्या बटणाऐवजी तापमान लावायचं, तर रेझिस्टन्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्युल असतं, ते अंदाजानं बदलायची वस्तू नव्हे. ब्लोअर काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागणार असेल किंवा एसीचे पाईप सोडावे लागणार असतील, तरी थांबा, गॅस सोडायचं काम एसीवाल्याचं. गाडी वॉरंटीत असेल तर आपण वायर कापायची नाही.

आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभी राहिलेली गाडी स्वस्तात घेतली असेल तर हा एक फ्यूज दुरुस्त करून भागत नाही. त्या पाण्यातला गाळ कपलरच्या आत बसलेला असतो, आज ब्लोअर, उद्या पॉवर विंडो. अशी गाडी सगळी खोलून बघणाऱ्याकडंच द्या, आणि विकणाऱ्यानं पूर सांगितला नसला तरी सीटच्या पट्ट्याखालच्या बोल्टचा गंज बघा.

कुणाकडंपण नेलीत तरी उडालेले फ्यूज खिशात घेऊन जा, कधी उडाला ते सांगा, आणि पावसात उडत असेल तर कार्पेट वाळवून गाडी चकाचक करून नेऊ नका, ओली आहे तशीच दाखवा.